ओकखाली लॉन जगत नाही, तिथे लव्हाळ्याचा अमेरिकन चुलतभाऊ

आमच्या मागच्या अंगणात रेड ओकचं मोठं झाड आहे. न्यू जर्सीचा हा राज्यवृक्ष. १९५० पासून त्याला हा मान आहे आणि तो त्याच तोऱ्यात उभा असतो. त्याच्याखाली मी चार वर्षं लॉनचं बी टाकलं. दर सप्टेंबरात पोपटी कोंब, मेपर्यंत बरी हिरवळ, जुलैत उघडी माती. पुन्हा बी, पुन्हा खत, पुन्हा चुना, पुन्हा पाणी. शेवटी लक्षात आलं की मी हिरवळ वाढवत नव्हते, दरवर्षी भाड्याने आणत होते.

पाचव्या वर्षी तिथे पेन्सिल्व्हेनिया सेज या गवतासारख्या दिसणाऱ्या इथल्या वनस्पतीची रोपं लावली. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. फलटणकडच्या आमच्या शेतात तिचं निम्मं आयुष्य उसातली हराळी आणि लव्हाळा काढण्यात गेलेलं. ट्रेमधलं एक रोप तिने उचललं, पान बोटांत चोळलं आणि म्हणाली, "अगं, हा तर लव्हाळा! पैसे देऊन आणलास?"

तिचं फारसं चुकलं नव्हतं. कूळ तेच. देठ बोटांत फिरवून बघितला तर गवताचा गोल लागतो, या कुळातला बहुधा तिकोनी. पण आपला लव्हाळा त्या कुळातल्या सायपेरस गटातला, आणि हे कॅरेक्स गटातलं. लव्हाळ्याच्या मुळांना गाठी असतात. त्याच त्या मोथ्याच्या गाठी, उटण्याला वास आणणाऱ्या. त्यातली एक जरी मातीत राहिली तरी महिन्याभरात वाफा पुन्हा भरतो. या कॅरेक्सला गाठी नसतात. दोऱ्यासारखी बारीक आडवी खोडं जमिनीखालून हळूहळू सरकतात आणि चारी बाजूंनी नवे कोंब काढतात. हळूहळू म्हणजे खरोखरच हळू. वर्षाला काही इंच. त्यामुळे ते शेजाऱ्याच्या अंगणात शिरण्याची भीती नाही. तुमच्याच अंगणात ते वेळेवर पसरत नाही ही तक्रार मात्र तुम्ही कराल.

पानं दोन-तीन मिलिमीटर रुंद, मऊ, सहा ते दहा इंच उंच वाढून एका बाजूला झुकतात. वारा आला की सगळा पट्टा विंचरल्यासारखा दिसतो. एप्रिलमध्ये, ओकला पानं फुटायच्या आधी, छोटे पिवळसर तुरे येतात. कॅनडाच्या आग्नेय भागापासून खाली जॉर्जियाच्या डोंगरांपर्यंत ओकच्या कोरड्या जंगलांत हे आपोआप उगवतं. म्हणजे आपण जी जागा 'इथे काहीच येत नाही' म्हणून सोडून देतो, ते त्याचं माहेर आहे.

पुढचं सगळं न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मेरीलँड, व्हर्जिनिया या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आहे. टेक्सासातल्यांनी टेक्सास सेज, कॅलिफोर्नियातल्यांनी कॅरेक्स प्रेग्रासिलिस शोधावं. जागा तयार करायची रीत बरीचशी तीच, वेळापत्रक वेगळं. आणि पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांनी कृपा करून बांधावरचा लव्हाळा उपटून बागेत लावू नये.

आधी जागा बघा, तीही जूनमध्ये

नवीन घर घेतलेले बहुतेक जण एप्रिलमध्ये उत्साहाने अंगण मोजायला जातात. तेव्हा झाडांवर पानं नसतात, ऊन सगळीकडे असतं. खरी सावली मेच्या शेवटी कळते. जूनमध्ये एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि सहा वाजता फोनवर फोटो काढा. सकाळचं ऊन किंवा पानांतून झिरपणारं ऊन असेल तर उत्तम. दाट सावलीतही हे तगतं, फक्त विरळ राहतं. दुपारचं थेट ऊन दिवसभर असेल तर उन्हाळ्यात पानांची टोकं करपतील. तिथे लॉन चांगली येते, तर तिथे लॉनच ठेवा. मी लॉनच्या विरोधात नाही. मुलांना क्रिकेट खेळायचं असेल तर लॉनला पर्याय नाही, कारण या सेजवर अधूनमधून चालता येतं, बोलिंगचा रनअप घेता येत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर ही जागा पेन्सिल्व्हेनिया सेजची नव्हे. त्याला कोरडं चालतं, भरपूर कोरडं चालतं, साचलेलं पाणी चालत नाही. ओलसर जागेसाठी कॅरेक्स ब्रोमॉइडिस बघा. तेही इथलंच, बारीक पानांचं.

मातीच्या आम्लतेची फार काळजी नको. किंचित आम्ल ते उदासीन माती चालते आणि ओकखाली ती बहुधा तशीच असते. तरी मनाची खात्री करायची असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. पेन्सिल्व्हेनियात हेच काम पेन स्टेट करतं. माझ्या बहिणीने तिच्या द्राक्षबागेच्या मातीचा अहवाल मला नको तितक्या वेळा वाचून दाखवलेला आहे, म्हणून मीही हौसेने एकदा करून घेतला. त्याने माझ्या निर्णयात काहीही फरक पडला नाही.

झाडाखाली अक्रोडाचा त्रास असेल, म्हणजे तुमच्याकडे ब्लॅक वॉलनट असेल, तरी चिंता नको. त्याच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याने टोमॅटो मरतात, हे सेज टिकतं. नॉर्वे मेपल मात्र वेगळं प्रकरण. त्याची मुळं इतकी वर आणि इतकी दाट असतात की लावणीच्या वेळी खुरपं आत जात नाही. तिथे रोपं जवळ लावा, पहिली दोन वर्षं पाणी जास्त द्या आणि अपेक्षा कमी ठेवा.

घर हाउसिंग असोसिएशनच्या हद्दीत असेल तर खोदण्याआधी नियम वाचा, विशेषतः समोरच्या अंगणासाठी. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा करून असोसिएशनांना स्थानिक झाडांच्या बागांवर सरसकट बंदी घालता येणार नाही असं ठरवलं, पण सगळीकडे तसं नाही. लेखी परवानगी मागताना 'गवत वाढवणार आहे' असं लिहू नका. 'स्थानिक वनस्पतींचं आच्छादन' लिहा, सोबत फोटो जोडा. शब्दांनी कामं होतात.

रोपं कुठून, किती

बी पेरायच्या फंदात पडू नका. हे सेज बी कमी धरतं आणि जे धरतं ते नीट उगवत नाही. रोपंच घ्यायची.

दुकानात 'सेज' मागितलंत तर उच्चारामुळे तुम्हाला स्वयंपाकातल्या सेजची कुंडी मिळण्याची शक्यता आहे. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच. म्हणून वनस्पतीशास्त्रीय नाव सांगा: कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका. इंटरनेटवर शोधताना त्या दुसऱ्या शब्दात सुरुवातीला एकच 'एन' लिहायचा. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९२ मध्ये तसंच लिहिलं आणि ते तसंच राहिलं. फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेवरही राज्याचं नाव एकाच 'एन'चं आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

मोठ्या दुकानांत कॅरेक्स म्हणून पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची देखणी झाडं हमखास असतात. 'आइस डान्स', 'एव्हरगोल्ड' अशी नावं. ती जपानी जातींची आहेत. वाईट नाहीत, पण इथली नाहीत. स्थानिक रोपांसाठी पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होपजवळची बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह किंवा न्यू जर्सीच्या नेटिव्ह प्लँट सोसायटीच्या शाखांच्या विक्रीवर लक्ष ठेवा. रोप हातात आल्यावर बुंधा बघा: तळाशी तांबूस-तपकिरी रंग आणि जुन्या पानांचे बारीक तंतू दिसले पाहिजेत.

छोट्या कुंडीपेक्षा 'प्लग' घ्या. आपल्याकडे कोकोपीटच्या ट्रेमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं मिळतात, तसलाच हा प्रकार, जरा खोल. एका ट्रेमध्ये बहुधा ३२ किंवा ५० रोपं. हिशेब सोपा आहे. १०० चौरस फुटांना १२ इंचांवर लावलं तर १०० रोपं, १० इंचांवर १४४, ८ इंचांवर २२५. मी १२ इंचांवर लावलं आणि त्याची किंमत भांगलणीत मोजली. पैशाला झेपत असेल तर १० इंच धरा. झेपत नसेल तर अंतर वाढवू नका, जागा कमी करा. ६० चौरस फूट दाट लावलेले दोन वर्षांत भरतात. २०० चौरस फूट विरळ लावलेले तणाला आमंत्रण देतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. डेलावेअरमध्ये हॉकेसिनला माउंट क्युबा सेंटर नावाची बाग आहे. त्यांनी कॅरेक्सचे ७० प्रकार शेजारी शेजारी लावून काही वर्षं पाहिले आणि २०२२ मध्ये अहवाल काढला. त्यात पहिला नंबर आला कॅरेक्स वुडीआयचा, माझ्या लाडक्याचा नव्हे. वुडीआय किंचित जास्त ओल मागतं, पण दाट पसरतं आणि कापणीही चांगली सोसतं. मिळालं तर दोन्ही मिसळून लावा. मी आता तेच केलंय.

जमीन तयार करणं

सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच.

ओकखाली नांगरट नाही. टिलर तर मुळीच नाही. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या फूटभरातच पसरलेली असतात. ती तोडली की त्याचे परिणाम वरच्या फांद्यांवर काही वर्षांनी दिसतात आणि तोवर आपण कारण विसरलेलो असतो. वर मातीचा थर टाकायचाही मोह होतो. इंच-दीड इंचापेक्षा जास्त टाकू नका आणि खोडाच्या बुंध्याशी तर अजिबात नको. बुंधा जमिनीतून पसरत बाहेर येताना दिसलाच पाहिजे.

उरलेली लॉन आणि तण मारायला पुठ्ठा वापरा. घरी पार्सलांचे खोके कमी नसतात. चिकटपट्ट्या आणि लेबलं काढा, लॉन शक्य तितकी खाली कापा, पाणी मारा, पुठ्ठे एकमेकांवर सहा इंच चढवून पसरा, पुन्हा भिजवा आणि वर दोन-तीन इंच पालापाचोळा टाका. जूनच्या शेवटी झाकलं तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खालचं गवत मरतं आणि पुठ्ठा मऊ होतो. लावणीच्या वेळी तो न काढता जागोजाग भोक पाडून रोप लावता येतं. पण पुठ्ठा अजून कडक असेल तर खालची माती कोरडी राहते, म्हणून तेवढा भाग उचला. माझ्याकडे वायव्येच्या कोपऱ्यात तसा राहिला होता. तिथली आठ रोपं गेली.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. एक, पॉयझन आयव्ही. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब, कोवळेपणी तांबूस तकाकी. झाडावर चढलेल्या वेलीला केसाळ मुळं असतील तर हात लावू नका, हिवाळ्यात पानं नसतानाही नको. अंगावर उठलेली खाज आठवडे टिकते. ती जाळायचा विचार तर मनातही आणू नका, धुरानेही त्रास होतो. दोन, गोचिडी. इथल्या हरणगोचिडीतून लाइम रोग होतो. पॅन्ट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला आणि आत आल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, केसांची मुळं तपासा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शेतात साप असतात, आम्ही चप्पल घालून जायचो." तरी तिने मोजे घातले.

ड्रिलला ऑगर लावून भोकं पाडणार असाल तर आधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा कुठून जातात ते लोक येऊन फुकट रंगाने आखून देतात. त्यासाठी काही दिवस हाताशी ठेवा.

लावणी

हे सेज थंड हवामानात वाढतं. वसंतात आणि पानगळीच्या आधी जोर, भर उन्हाळ्यात विश्रांती. म्हणून दोनच मोसम: एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. मला सप्टेंबर जास्त पटतो. जमीन गरम असते, हवा थंड, आणि तण दमलेलं असतं. पण उशीर करू नका. जमीन गोठायच्या आधी मुळं धरायला निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. नाहीतर हिवाळ्यात माती गोठते, सुटते, पुन्हा गोठते आणि रोप हळूहळू बाटलीच्या बुचासारखं वर येतं. जानेवारी-फेब्रुवारीत ऊबदार दिवस आला की एक फेरी मारा आणि उचललेली रोपं बुटाने हलकेच दाबा.

आदल्या रात्री ट्रे पाण्यात बुडवून ठेवा. कोरडा प्लग जमिनीत गेला की त्याला ओलं करणं फार जिकिरीचं. दोरी लावून पहिली ओळ सरळ आखा, दुसरी ओळ अर्ध्या अंतराने सरकवून, म्हणजे झिगझॅग. मोठ्या मुळाला आडवं गेलं तर मूळ तोडू नका, रोप दोन इंच सरकवा. ओळी मोडल्या तर मोडू द्या. पसरल्यावर कुणाला कळणार आहे.

भोक प्लगएवढंच. मुळांनी ट्रेचा आकार घेऊन गोल वेढे घातले असतील तर खालून बोटांनी जरा सोडवा. रोप असं बसवा की प्लगचा माथा जमिनीच्या पातळीवर येईल, आणि वर पाव इंच तिथलीच माती पसरा. हे पाव इंच महत्त्वाचं. कोकोपीट किंवा पीट उघडं राहिलं तर ते वातीसारखं खालचं पाणी ओढून हवेत सोडतं आणि ओल्या जमिनीत रोप तहानेने मरतं. पण हिरवा बुंधा मातीत गाडू नका. दोन बोटांनी बाजूने घट्ट दाबा, मग पाणी.

वर आच्छादन इंचभर. विकतची रंगवलेली लाकडाची भुशी नको. ती तुकड्यांनी बुंध्यावर बसते आणि नव्या कोंबांना वर येऊ देत नाही. गेल्या वर्षीचा पाला मोव्हरखाली दोनदा फिरवून चुरा केलेला सगळ्यात चांगला.

आणि एवढं झाल्यावर खारी येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांना ओकची फळं पुरायला मऊ माती हवी असते आणि तुम्ही नुकतीच शंभर ठिकाणी ती करून ठेवलेली असते. पहिले तीन आठवडे कोंबड्यांची जाळी आडवी अंथरून कडेने दगड ठेवा. हरणं याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आमच्याकडे होस्टा या शोभेच्या झाडाचा बुंधा राहत नाही पण सेजला तोंड लावलेलं पाहिलं नाही. ससे कोवळी पानं कुरतडतात, पण रोप पुन्हा फुटतं.

पहिलं वर्ष: पाणी आणि भांगलण

पहिले दहा दिवस रोज किंवा एक दिवसाआड थोडं पाणी. नंतर वाढीच्या काळात पाऊस धरून आठवड्याला साधारण एक इंच. एक रिकामा डबा ठेवला की मोजता येतं. पण डब्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: दोन इंच खाली माती ओलसर असेल तर नको. खत कधीच नको. खताने सेज विशेष वाढत नाही, शेजारचं तण वाढतं.

पहिल्या जुलैत हे दिसायला अगदीच केविलवाणं दिसेल. पानांची टोकं तपकिरी, मधे उघडी माती, आणि पाहुणे विचारतील, "हे काय लावलंय?" वर काहीच घडत नसतं तेव्हा खाली खोडं सरकत असतात. एक रोप हलकेच ओढून बघा; धरून ठेवत असेल तर सगळं ठीक आहे.

आता भांगलण. आईने आमच्याकडे पहिल्या पंधरवड्यात एक काम केलं, ते सांगते म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. मी ऑफिसातून आले तर अंगण स्वच्छ आणि कडेला तीस-एक सेजची रोपं मुळांसकट नीट ढीग लावून ठेवलेली. "किती लव्हाळा माजला होता तिकडे," आई म्हणाली. हात पन्नास वर्षं तेच करत आलेले. डोळ्यांनी सांगितलं तरी हात ऐकत नाहीत. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी टॉर्च लावून ती परत लावली, भरपूर पाणी दिलं. बहुतेक जगली. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक रोपाशेजारी रंगीत काडी. आइस्क्रीमची काडी, गोल्फची टी, काहीही. घरात आणखी कुणी बागेत हात घालत असेल तर हे कराच. एकटे असाल तरी करा, कारण मेमध्ये लॉनचं चुकार गवत आणि कोवळं सेज ओळखू येत नाही.

ओळखायच्या शत्रूंची यादी मोठी नाही. जॅपनीज स्टिल्टग्रास: पानाच्या मधोमध चंदेरी रेघ, उन्हाळ्यात झपाट्याने पसरतं, पण वर्षायू आहे. ऑगस्टमध्ये बी धरायच्या आत उपटलं तर मुळासकट सहज येतं. गार्लिक मस्टर्ड वसंतात उपटा, पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो. मेपलची रोपं दोन पानांवर असतानाच. आणि खरा नटसेज, आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊ, पिवळट हिरवा, लॉनपेक्षा भराभर उंच जाणारा. तो गाठीसकट काढा. इथे आईचं फलटणचं खुरपं कामाला आलं. इथल्या दुकानातल्या कुठल्याच हत्याराला त्याची सर नाही, आणि पुढच्या खेपेला तिने बॅगेत आणखी दोन आणली.

नटसेजवरचं औषध मात्र वापरू नका. ते लव्हाळ्याच्या कुळालाच मारायला बनवलेलं असतं आणि तुमचं कॅरेक्स त्याच कुळातलं. लॉन फवारणारे किंवा कापणारे लोक येत असतील तर त्यांना ही हद्द दाखवून द्या. नुसतं सांगून भागत नाही. आमच्याकडे एकदा सांगूनही मोव्हर थेट आतून फिरवला, आणि तोही जुलैत. विटांची एक ओळ किंवा लोखंडी पट्टी कडेला बसवा. तिचे दोन फायदे: लॉनचं गवत आत सरकत नाही, आणि बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलेलं आहे.

पुढची वर्षं

दुसऱ्या वर्षी पाणी फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत. भांगलण महिन्यातून एकदा. तिसऱ्या वसंतात एक दिवस असा येतो की मधली माती दिसत नाही, आणि काम एकदम कमी होतं.

वर्षातून एकदा कापायचं, किंवा तेही नाही. पानं हिवाळ्यात अर्धवट हिरवी, अर्धवट गवती रंगाची राहतात. मार्चमध्ये नवे कोंब वर यायच्या आधी मोव्हर सगळ्यात वरच्या खुणेवर, म्हणजे साधारण चार इंचांवर ठेवून एक फेरी. उशीर झाला आणि कोंब दिसले तर या वर्षी सोडून द्या. सुबक दिसावं म्हणून जूनमध्ये पुन्हा कापणारेही आहेत. मला ते झुकलेलंच आवडतं.

पानगळीत ओकचा पाला त्यावर पडतो. पातळ थर आपोआप पानांच्या मधे उतरतो. तो तिथेच राहू द्या. ओकवरचे अनेक सुरवंट खाली पडून त्याच पाल्यात कोष करतात आणि हिवाळ्यात जुन्को पक्षी तिथे उकरत बसतात. ओला होऊन चिकटलेला जाड थर मात्र उचला, त्याचा चुरा करून परत टाका.

नुसतं सेज एकसुरी वाटत असेल तर मधेमधे इथलीच सोबत द्या: व्हर्जिनिया ब्लूबेल्स, फोमफ्लॉवर, जंगली जिरेनियम, ख्रिसमस फर्न, सप्टेंबरच्या आसपास फुलणारा व्हाइट वुड अॅस्टर. ब्लूबेल्स एप्रिलमध्ये निळी फुलतात आणि जूनपर्यंत जमिनीत गडप होतात. त्यांची रिकामी जागा सेज झाकून टाकतं. ही जोडी मला योगायोगाने सापडली आणि आता मी ती सगळ्यांना सांगत सुटते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मोकळ्या जागा भरायला रोपं विकत आणायची गरज नाही. मार्चच्या शेवटी किंवा सप्टेंबरात एक जोमदार गड्डा खुरप्याने उचला, चार-पाच कोंब आणि त्यांची मुळं येतील असे तुकडे करा, लगेच लावा, पाणी द्या. एका गड्ड्यातून चार ते सहा रोपं सहज निघतात. दाट कडेतून काढलं तर खड्डा एका हंगामात भरून येतो.

आणि मग मैत्रिणी मागायला लागतात. द्या, पण मातीसकट देऊ नका. इथे आता उड्या मारणारी आशियाई गांडुळं पसरली आहेत. ती वरचा पालापाचोळा फस्त करून मातीचा कॉफीच्या चोथ्यासारखा रवा करतात आणि त्यांची बारीक अंडी मातीच्या ढेकळातून या घरातून त्या घरात जातात. गड्डा बादलीत बुडवून मुळं स्वच्छ धुवा, ओल्या कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावायला सांगा. बादलीतलं पाणी बागेत टाकू नका. आणि मैत्रिणीच्या घरी कुणाची आई आलेली असेल तर सोबत दहा आइस्क्रीमच्या काड्याही द्या.